आईचा सांभाळ : लेकीची कायदेशीर जबाबदारी

वृद्ध आईच्या निर्वाहाची जबाबदारी भारतीय कायद्याने मुलाबरोबर मुलीवरही टाकली आहे. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ च्या कलम २० मध्ये तशी तरतूद आहे. लग्नानंतरही ही जबाबदारी संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात स्पष्ट केले. मात्र त्यासाठी मुलीकडे पतीच्या उत्पन्नाखेरीज स्वतःची पुरेशी मिळकत असायला हवी.

आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा २००७ चा कायदा सर्वधर्मीयांना लागू आहे. सख्खी, दत्तक आणि सावत्र आई, तिघींनाही त्याचे संरक्षण मिळते. स्वतःच्या उत्पन्नावर किंवा मालमत्तेवर गुजराण होत नसल्यास आई न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकते. नोटीस बजावल्यापासून साधारणपणे ९० दिवसांत निकाल अपेक्षित असतो. मूळ कायद्यानुसार निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे.

सांभाळाच्या अटीवर आईने या कायद्यानंतर मुलीच्या नावे केलेले घर, अट मोडल्यास कलम २३ नुसार परत मिळवता येते. त्यामुळे बक्षीसपत्रात ही अट स्पष्ट लिहून घेणे हिताचे ठरते.