भावी डॉक्टरांचे मनःस्वास्थ्य

सातपुड्यातील एखाद्या पाड्यावरच्या मुलाला वा मुलीला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला, की ती वार्ता त्या घरापुरती राहत नाही. ग्रामपंचायतीसमोर सत्कार होतो, आश्रमशाळेचे मुख्याध्यापक अभिमानाने शाल पांघरतात आणि अद्याप एकाही रुग्णाची नाडी न पाहिलेल्या त्या अठरा-एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याला सारा गाव त्या दिवसापासून 'डॉक्टर' म्हणू लागतो. अशा सत्कारांची वृत्ते प्रस्तुत लेखकाने आपल्या सेवाकाळात अनेकदा लिहिली आहेत. सत्कारानंतरच्या वर्षांत त्या विद्यार्थ्याचे कसे चालले आहे, यासंबंधी मात्र एकही ओळ लिहिल्याचे त्याला स्मरत नाही.

नंदुरबार जिल्ह्याच्या दृष्टीने हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. २०२०-२१ या शैक्षणिक वर्षापासून नंदुरबार येथे १०० प्रवेशक्षमतेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तत्पूर्वी येथील विद्यार्थ्यांना धुळे किंवा त्याहून दूरचे शहर गाठावे लागे. आज राज्याच्या अन्य भागांतील मुलेमुली येथे शिकावयास येतात, आणि अक्कलकुवा-धडगावकडील मुले पुण्या-मुंबईस जातात. दोघांनाही घर सोडावे लागते.

नैराश्य म्हणजे काय?

परीक्षेपूर्वीची धास्ती किंवा घरच्या आठवणीने आलेला उदासपणा म्हणजे नैराश्य नव्हे. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने नैराश्य हा एक आजार आहे. मन सतत उदास राहणे किंवा पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस न उरणे, ही त्याची दोन मुख्य लक्षणे. झोप व भूक बिघडणे, थकवा, चित्त एकाग्र न होणे, हालचाली मंदावणे अथवा अस्वस्थता वाढणे, आपण निरुपयोगी वा अपराधी आहोत असे वाटणे आणि मृत्यूचे विचार येणे ही अन्य लक्षणे होत. मुख्य लक्षणांपैकी किमान एक धरून यांपैकी पाच वा अधिक लक्षणे दोन आठवडे जवळजवळ दररोज राहिली व त्यांमुळे नित्याच्या व्यवहारात बाधा आली, तर तज्ज्ञ नैराश्याचे निदान करतात. आळस, भित्रेपणा किंवा कृतघ्नपणा यांचा त्याच्याशी संबंध नाही. घरच्यांना मात्र प्रथम नेमके तेच दिसते.

याचे प्रमाण किती? २०१६ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात जगातील सुमारे ४३ देशांमधील अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात २७.२ टक्के वैद्यकीय विद्यार्थ्यांमध्ये नैराश्य किंवा त्याची लक्षणे आढळली. बहुतेक अभ्यास प्रश्नावलीवर आधारलेले होते व प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे, हे येथे नमूद केले पाहिजे. आपल्या देशात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये आपला अहवाल दिला. त्यासाठी घेतलेल्या पाहणीत २५ हजारांहून अधिक पदवी विद्यार्थ्यांनी उत्तरे दिली. त्यांतील २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपणास मानसिक आजाराचे निदान झाल्याचे कळविले. उत्तरे देणारे स्वेच्छेने पुढे आले होते, म्हणून हाच आकडा सर्वांना लावता येणार नाही. तरीही तो दुर्लक्षिण्याजोगा खचित नाही.

धोका कोठे वाढतो?

पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र हे तीन विषय एकदम अंगावर येतात. बारावीपर्यंत वर्गात सदैव पहिला येणारा विद्यार्थी येथे अशाच शंभर पहिल्यांमध्ये येऊन बसतो. कोणाला तरी शेवटचे यावेच लागते, आणि त्याची सवय कोणालाच नसते. अनुत्तीर्ण विद्यार्थ्यास पुरवणी परीक्षेची संधी असते. तीही हुकली तर बरोबरीचे मित्र पुढे जातात आणि आपण नव्या तुकडीबरोबर मागे राहतो. वसतिगृहात एकाच मजल्यावर राहून हे रोज पाहणे सोपे नाही.

भाषेचा प्रश्न याहून खोल आहे व त्याची चर्चा मात्र थोडी होते. घरी भिली, पावरी किंवा अहिराणी, शाळेत मराठी आणि महाविद्यालयात एकाएकी इंग्रजी, असा काही विद्यार्थ्यांचा प्रवास असतो. विषय समजलेला असतो, पण तोंडी परीक्षेत वाक्य जुळत नाही. समोरचे परीक्षक त्यास अज्ञान समजतात, आणि कालांतराने विद्यार्थीही तसेच समजू लागतो. ग्रंथपालाकडे न जाणे, प्रश्न न विचारणे, भोजनगृहात गर्दी ओसरल्यावर एकटे जाणे, अशा सवयी येथून जडतात. होळीच्या दिवसांत सारा सातपुडा ढोलाच्या तालावर जागा असतो. त्या वेळी परीक्षा असली तर हा विद्यार्थी खोलीत पुस्तकासमोर बसलेला असतो. अन्य कोणास ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण ज्या घरात वर्षाचे सर्व नातेसंबंध होळीलाच उजळतात, त्या घरच्या मुलाला ती किरकोळ नसते.

अपुरी झोप, पैशाची ओढाताण, पूर्वी होऊन गेलेला मानसिक आजार, कुटुंबात तसा आजार असणे आणि व्यसन यांमुळे धोका वाढतो. पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या निवासी डॉक्टरांच्या बाबतीत दीर्घ कर्तव्यकाळाची त्यांत भर पडते.

आणि छळाचा प्रश्न आहेच. मूळच्या जळगाव जिल्ह्यातील, तडवी भिल्ल समाजातील डॉ. पायल तडवी या मुंबईच्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. २२ मे २०१९ रोजी त्यांनी आपले जीवन संपविले. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप त्यांच्या कुटुंबीयांनी केला व त्यावरून खटला दाखल झाला. दोषाचा निर्णय न्यायालयाचा आहे, त्याविषयी येथे काही लिहिणे उचित नाही. तथापि, खानदेशातील ज्या ज्या घरची मुलगी तेव्हा वैद्यकीय शिक्षण घेत होती, त्या त्या घरी त्या रात्री दूरध्वनी झाले असतील, हे सांगण्यास न्यायालयाची आवश्यकता नाही. महाराष्ट्रात रॅगिंगला प्रतिबंध करणारा अधिनियम १९९९ पासून अस्तित्वात आहे. तक्रार आल्यावर प्राचार्यांनी करावयाची कार्यवाही त्यात स्पष्ट सांगितली आहे.

औषध जवळ, पण रुग्ण दूर

रुग्णालयाच्या आवारात राहणारा हा रुग्ण उपचारास जात नाही, ही या विषयातील सर्वांत विलक्षण बाब होय. उपरोक्त जागतिक आढाव्यात नैराश्याची लक्षणे आढळलेल्यांपैकी केवळ १५.७ टक्के विद्यार्थ्यांनी उपचार घेतले होते. कारण उघड आहे. ज्यांच्याकडे उपचारास जावयाचे तेच उद्या परीक्षक असतील आणि केसपेपर काढणाराही ओळखीचाच, मग गोष्ट गुप्त राहील कशी, ही भीती निराधार म्हणता येत नाही. म्हणून समुपदेशक अध्यापकवर्गाबाहेरचा असणे इष्ट. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक अर्हताप्राप्त समुपदेशक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये निर्देशित केले आहे. निवासी डॉक्टरांना आठवड्यात ७४ तासांहून अधिक काम नसावे व एक साप्ताहिक सुट्टी मिळावी, ही शिफारस कृतिदलाने केलेली आहे.

ज्यांना ओळखीच्या ठिकाणी जावयाचे नाही त्यांच्यासाठी १४४१६ हा टेलि-मानस सेवेचा निःशुल्क क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे. तेथे दिवसरात्र केव्हाही मराठीतून बोलता येते. उपचारांत संवादोपचार व औषधे या दोहोंचा अंतर्भाव होतो. औषधांचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात. त्यामुळे चार दिवसांत बरे वाटले नाही म्हणून, अथवा बरे वाटले म्हणून, ती आपल्या मनाने बंद करू नयेत. घरच्यांनी भगताकडे नेले तर त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. डॉक्टरचे उपचार चालू राहिले म्हणजे झाले.

सरपंच, ग्रामपंचायत सदस्य आणि शिक्षक यांचा येथे संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध सत्कारापासूनच सुरू होतो. सुट्टीत गावी आलेल्या विद्यार्थ्याला चावडीवर पहिला प्रश्न येतो तो "किती वर्षे राहिली?" हा. एक वर्ष मागे पडलेल्या मुलाला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, म्हणून तो पुढल्या सुट्टीत गावी येण्याचेच टाळतो. आश्रमशाळेच्या ज्या शिक्षकाने त्याचा अर्ज भरून दिला, त्याने पहिल्या सहा महिन्यांत दोन-तीनदा दूरध्वनी करून झोप, जेवण आणि मित्र यांविषयी विचारले, तर त्यास काही खर्च येत नाही. जगण्यात अर्थ नाही असे कोणी बोलू लागल्यास, मरणाचे विचार येतात काय, हे त्याला सरळ विचारावे. विचारल्याने असे विचार मनात शिरतात, ही समजूत चुकीची आहे. उत्तर होकारार्थी असेल तर त्याला एकटे न सोडता रुग्णालयात न्यावे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षा करू नये, अशी तरतूद २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमात आहे. तेव्हा पोलिसांच्या भीतीने उपचारास विलंब करण्याचे कारण उरलेले नाही.

२०२१-२२ च्या तुकडीपासून वैद्यकीय विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून गावातील काही कुटुंबे दत्तक घ्यावी लागतात. पांढरा कोट घातलेली ही मुले वहीत रक्तदाब, वजन आणि पिण्याच्या पाण्याची नोंद करीत घरोघर जातात. घरातील वृद्धा तपासणी संपल्यावर बहुधा त्यांनाच विचारते, "बेटा, जेवून आलास का?" त्या प्रश्नासाठी वहीत रकाना नाही.