विषारी दारूने डोळे का जातात?

लालबागच्या चाळीत माझे बालपण गेले. गिरणी सुटली की कोपऱ्यावरच्या खोलीत 'नवटाक' मारायला माणसे जमत. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने उघडी दुकाने मिटली. काळा गूळ आणि नवसागराची हातभट्टी मात्र चालूच राहिली.

गूळ आंबवून काढलेल्या दारूत मुख्यतः इथिल अल्कोहोल असते. तेही वाईटच. पण एका रात्रीत माणसे मरतात ती तिच्यात कारखान्यातले स्वस्त मिथिल अल्कोहोल मिसळल्यामुळे. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसे गेली ती यानेच. कडक दारूबंदीच्या इराणमध्येही २०२० साली या विषाने शेकडो बळी घेतले. वासाने वा चवीने फरक कळत नाही.

यकृतात मिथिलचे फॉर्मिक आम्ल बनते आणि ते डोळ्यांच्या मज्जातंतूवर घाला घालते. याला बारा-चोवीस तासही लागतात, म्हणून पिणारा सकाळी ठीक दिसतो. मग पोटदुखी, ओकाऱ्या, धाप, डोळ्यांपुढे पांढरे धुके. घरचे म्हणतात, "अजून उतरली नाही, झोपू द्या." इथेच घात होतो!

लिंबूपाणी पाजत बसू नका. तडक मोठ्या रुग्णालयात न्या, आणि पोलिसांच्या भीतीने काय प्यायले ते डॉक्टरांपासून लपवू नका. तेथे फोमेपिझोल, किंवा गंमत पाहा, मोजूनमापून इथिल अल्कोहोलच देतात. यकृत त्यात गुंतले की मिथिलचे विष बनणे थांबते. डायलिसिसने रक्तही शुद्ध करतात. घरी मात्र हा प्रयोग मुळीच नको. सोबत प्यायलेल्यांनाही, बरे वाटत असले तरी, घेऊन जा.