चौबारा ते किल्ला : पायी वाचावे असे बिदर

कीर्तनात दामाजीपंतांचे आख्यान ऐकलेल्या प्रत्येकाला ‘बेदर’ हे नाव ठाऊक असते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे रयतेसाठी खुली केली, बेदरच्या बादशहाचा कोप झाला आणि साक्षात विठोबाने विठू महार होऊन दरबारात धान्याचे मोल भरले, अशी ती कथा. आख्यानातले हे बेदर म्हणजे आजच्या कर्नाटकातील बिदर. नावाने परिचित, पण आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिलेले शहर.

गोव्याचा आणि या शहराचा संबंध मात्र केवळ आख्यानापुरता नाही. १४७२ मध्ये बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान याने विजयनगरकडून गोवा जिंकून घेतला. त्याच वर्षी त्याने बिदरमध्ये उभारलेली मदरशाची भव्य वास्तू पूर्ण झाली. पुढे विजापूरची आदिलशाही स्थापन करणारा यूसुफ आदिलखान हा याच गावानच्या छत्राखाली पुढे आला होता. पणजीत मांडवीच्या काठी उभा असलेला आदिलशहाचा वाडा आणि जुन्या गोव्यात शिल्लक राहिलेले आदिलशाही वाड्याचे दगडी दार यांचा वंशवृक्ष मागे शोधत गेलो, तर तो बिदरच्या दरबारापाशी पोहोचतो. म्हणूनच हे शहर कसे पाहावे आणि पाहताना काय ओळखावे, याची ही ओळख.

संतपुराहून चढण

बिदरला हैदराबादच्या बाजूने येता येते. परंतु शहराचे स्थान समजून घ्यायचे असेल, तर उत्तरेकडून, औराद तालुक्यातील संतपुराच्या वाटेने यावे. संतपूर हे कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागातले गाव. येथे मराठी आणि कन्नड एकाच अंगणात बोलल्या जातात. येथील माणसाला न्यायालय, मोठे रुग्णालय, मोठी बाजारपेठ यांसाठी बिदरला जावे लागते. १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके तत्कालीन मुंबई राज्यात गेले, तर औराद, भालकी हे तालुके बिदरसह म्हैसूर राज्यात राहिले. सीमारेषा आखली गेली, तरी जिल्ह्याच्या गावी जाण्याची जुनी सवय मोडली नाही.

संतपुराहून निघालेला रस्ता काळ्या मातीच्या शिवारातून मांजरा नदी ओलांडतो आणि मग चढू लागतो. चढण संपता संपता मातीचा रंग बदलतो. काळी जाऊन तांबडी येते. बिदर जांभ्या दगडाच्या पठारावर, त्याच्या अगदी उत्तर कडेला वसलेले आहे. गोव्यात ज्याला आपण चिरा म्हणतो, तोच हा दगड. खाणीतून काढताना तुलनेने मऊ आणि उघड्या हवेत हळूहळू कठीण होणारा. चिऱ्याच्या घरात वाढलेल्या गोमंतकीयाला बिदरच्या भिंती पाहून अनोळखी वाटणार नाही.

या दगडाने बिदरला दोन गोष्टी दिल्या. पहिली म्हणजे संरक्षण. किल्ल्याभोवतीचा तिहेरी खंदक बांधलेला नाही. तो सलग खडक कोरून काढलेला आहे. दुसरी म्हणजे पाणी. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यातून खाली मुरते आणि खालच्या घट्ट काळ्या कातळापाशी अडते. जिथे हे दोन थर उघडे पडतात, तिथे झरे फुटतात. गुरुद्वारा नानक झिरा आणि गुहेतील पाण्यातून चालत दर्शनाला जावे लागते ते नरसिंह झिरा, ही दोन्ही तीर्थे अशाच पाझरांवर आहेत. इराणातून आलेल्या जाणकारांनी हेच भूजल भुयारी कालव्यांत गोळा करण्याची ‘कारेज’ पद्धत येथे राबवली. शहराजवळच्या नौबाद येथे असा कालवा आणि त्यावरील उभ्या विहिरींची रांग आजही पाहता येते.

चौबारा : चार वाटांचे नाके

जुने शहर पाहण्याचा आरंभ चौबाऱ्यापासून करावा. चार रस्ते जेथे मिळतात, तेथे हा सुमारे ७१ फूट उंचीचा गोल मनोरा उभा आहे. आतून ८० पायऱ्यांचा नागमोडी जिना वर जातो. टेहळणीसाठी याचा उपयोग होत असे. आज त्यावर घड्याळ आहे, आणि खाली रिक्षा, फळांच्या हातगाड्या, कापडाची दुकाने यांची वर्दळ असते.

येथे क्षणभर थांबून चारही दिशांना पाहावे. शहराची आखणी ध्यानात येते ती येथेच. चार रस्त्यांनी जुन्या वस्तीचे चार भाग पाडले आणि त्या भागांची ओळख चार तालमींवरून झाली : सिद्दीक शाह तालीम, नूर खान तालीम, मणियार तालीम आणि पन्साल तालीम. तालीम म्हणजे आपल्याला परिचित असलेला आखाडाच. मोहल्ल्यातील तरुणांनी तेथे कसरत करावी, प्रसंगी आपल्या भागाचे रक्षण करावे, अशी ती व्यवस्था. वस्तीभोवती तट होता आणि त्याला शाहगंज, फतेह, मंगळपेठ, दुल्हन, तालघाट अशा नावांचे दरवाजे होते. वाहनातून जाताना हे दरवाजे म्हणजे केवळ वाहतुकीची अडचण वाटतात. चालणाऱ्याला मात्र प्रत्येक दरवाज्याशी शहर कोठे संपत होते, हे कळते.

तख्त-ए-किर्मानी : पाहुण्यांची वाट

चौबाऱ्याकडून किल्ल्याकडे जाणारा रस्ता हा बिदरचा कणा आहे. थोडे चालताच चुनेगच्चीच्या नक्षीने मढलेली एक उंच कमान लागते. तिला तख्त-ए-किर्मानी म्हणतात. या वास्तूचे नाव इराणातील किर्मानहून आलेल्या शाह खलीलुल्ला या सूफी पुरुषाशी जोडलेले आहे.

ही कमान येथे का आहे, हे समजले की पुढचे सारे समजते. १३४७ मध्ये स्थापन झालेल्या बहमनी राज्याची राजधानी आधी गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, येथे होती. पंधराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अहमदशहा वली याने ती बिदरला आणली. त्याने इराणातून सूफी, विद्वान, कारागीर आणि सरदार यांना आवर्जून बोलावले. खलीलुल्लाचे घराणे त्यांपैकीच. या नव्यांना ‘आफाकी’ म्हणजे परदेशी म्हणत, आणि पिढ्यान्‌पिढ्या येथे रुजलेल्यांना ‘दख्खनी’. या दोन गटांतील चढाओढ पुढे राज्याच्या मुळावर उठली. तिचे सर्वांत मोठे स्मारक याच रस्त्यावर, काही पावलांवर आहे.

गावानचा मदरसा : अर्धी उरलेली वास्तू

महमूद गावान मूळचा इराणातील गिलानचा. व्यापारासाठी दख्खनमध्ये आला आणि वजीरपदापर्यंत चढला. त्याने बांधलेला मदरसा सुमारे २०५ फूट लांब आणि १८० फूट रुंद, तीन मजली आहे. मधोमध चौक, भोवती व्याख्यानाची दालने, मशीद, ग्रंथालय, अध्यापकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या खोल्या अशी त्याची मांडणी. ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखिते होती असे परंपरा सांगते. समरकंद आणि खुरासान येथील विद्यापीठांचा नमुना दख्खनच्या मातीत असा उभा राहिला.

समोरच्या भिंतीपाशी जाऊन नीट पाहावे. निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या चकचकीत फरशांचे तुकडे अजून चिकटून आहेत. उरलेल्या एकमेव मिनारावर त्या फरशांची नागमोडी पट्ट्यांची नक्षी दिसते. एके काळी ही संपूर्ण दर्शनी बाजू अशी झळाळत होती. १६५७ मध्ये औरंगजेबाने बिदर जिंकल्यानंतर येथे सैन्य आणि दारूगोळा ठेवला गेला. १६९६ मध्ये वीज पडून स्फोट झाल्याचे सांगितले जाते. त्यात दर्शनी भागाचा मोठा हिस्सा आणि दुसरा मिनार नष्ट झाला. जे उरले, ते कापून ठेवल्यासारखे दिसते. त्यामुळे आतील मजले, कमानी आणि खोल्यांची रचना रस्त्यावरूनच कळते.

बांधणाऱ्याचा शेवटही असाच अर्ध्यावर तुटलेला. गावानने मोठे सुभे विभागून सरदारांचे बळ कमी केले आणि पदे वाटताना दख्खनी व आफाकी यांचा तोल सांभाळण्याचा प्रयत्न केला. दुखावलेल्या सरदारांनी त्याची मोहोर असलेल्या कोऱ्या कागदावर ओरिसाच्या राजाला उद्देशून बनावट पत्र लिहविले. सुलतान तिसरा मुहम्मदशहा याने चौकशी न करता १४८१ मध्ये त्याला ठार करविले. पुढच्याच वर्षी सुलतानही मरण पावला आणि काही दशकांत राज्याची विजापूर, अहमदनगर, वऱ्हाड, गोवळकोंडा आणि बिदर अशी पाच शकले झाली. गोव्याच्या वाट्याला आलेली आदिलशाही त्यांपैकीच एक. १५१० मध्ये अल्बुकर्कने गोवा घेतला तो तिच्याकडूनच.

बिद्रीची काळी माती

या परिसरात फिरताना ठोकण्याचा बारीक आवाज ऐकू आला, तर त्या दाराशी थांबावे. बिद्री कामाचे कारागीर येथे आहेत. सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबे यांचा मिश्रधातू ओतून सुरई, पेटी किंवा तबक घडवतात. त्यावर छिन्नीने नक्षी कोरून चरांमध्ये चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. शेवटी किल्ल्यातील जुन्या वास्तूंची, ऊन-पाऊस न लागलेली माती नवसागरासह पाण्यात उकळून भांडे त्यात बुडवतात. धातू काळाभोर होतो. चांदी मात्र तशीच उजळ राहते. या कलेला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे येथील किल्ला हा केवळ पाहण्याचे ठिकाण नाही; तो अजूनही या धंद्याचा कच्चा माल पुरवतो.

किल्ल्याच्या आत

चौबाऱ्यापासून न थांबता चालले, तर अर्ध्या तासाच्या आत किल्ला येतो. कोरीव वाघांच्या शर्झा दरवाज्यातून आणि पुढे गुंबद दरवाज्यातून आत गेल्यावर रंगीन महाल लागतो. काळ्या दगडात शिंपल्याचे तुकडे जडवलेली त्याची नक्षी आणि कोरीव लाकडी खांब बरीदशाहीच्या काळातले, म्हणजे सोळाव्या शतकातले. जवळच सोळा खांब मशीद आहे. शिलालेखानुसार ती १४२३-२४ ची, बिदरमधील सर्वांत जुन्या मुस्लिम वास्तूंपैकी एक. जुन्या शाही हमामखान्यात वस्तुसंग्रहालय आहे. गगन महाल, तर्कश महाल, तख्त महाल यांचे अवशेष पुढे पसरलेले आहेत.

१४७० च्या सुमारास त्वेर येथील रशियन व्यापारी अफानासी निकितिन या शहरात राहिला होता. सुलतानाच्या वाड्याला सात दरवाजे असून प्रत्येकाशी शंभर पहारेकरी आणि शंभर लेखनिक बसतात, असे त्याने नोंदवून ठेवले. सरदारांचा थाट आणि खेड्यांतील माणसांची हलाखी यांतील अंतरही त्याच्या नजरेतून सुटले नाही. दामाजीपंतांच्या कथेतली रिकामी पोटे आणि हे सात दरवाजे यांचा काळ साधारण एकच आहे, हे ध्यानात ठेवून किल्ला पाहिला, तर केवळ वैभव दिसत नाही.

वास्तू राहिल्या, रस्त्याचे काय?

किल्ला आणि मदरसा भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. निजामाच्या पुरातत्त्व विभागाचे प्रमुख गुलाम यझदानी यांनी बिदरच्या वास्तूंवर १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेला ग्रंथ आजही अभ्यासकांचा आधार आहे. २०१४ मध्ये न्यूयॉर्कस्थित वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडने आपल्या लक्षवेधी वारसास्थळांच्या यादीत बिदर या ऐतिहासिक शहराचा समावेश केला. त्याच वर्षी दख्खनच्या सुलतानशाहीतील वास्तूंमध्ये बिदरचे नाव युनेस्कोच्या संभाव्य यादीतही गेले.

पहिल्या यादीत नाव किल्ल्याचे नव्हे, शहराचे होते, हे महत्त्वाचे. चौबारा, तख्त, मदरसा आणि किल्ला हे चार वेगवेगळे मुक्काम नाहीत. एका रस्त्याने ओवलेली ती एक रचना आहे. दोन संरक्षित वास्तूंच्या मधली जुनी घरे, देवड्या, तालमी, दरवाजे ही मात्र रोजच्या व्यवहाराच्या ओढीत असतात. दुकानाला जागा हवी, वाहनाला रस्ता हवा, घराला मजला हवा. या गरजा खऱ्या आहेत. परंतु मधला रस्ता पुसला गेला, तर मदरसा आणि किल्ला कुंपणातील दोन सुटे अवशेष होऊन राहतील. एकाकडून दुसऱ्याकडे का जायचे, हे सांगणारे काही उरणार नाही. पणजीत फोंताईन्हासची ओळख टिकली, ती तेथील एखाद्या घरामुळे नव्हे, तर अरुंद गल्ल्यांसह सबंध वस्ती जपली गेल्यामुळे. बिदरला तेच लागू पडते.

संतपुराहून न्यायालयाच्या तारखेला किंवा दवाखान्याच्या कामाला आलेला माणूस बहुधा बसस्थानकावरूनच परत फिरतो. गोव्याहून हैदराबादला जाणारा प्रवासीही बिदरला क्वचितच वाकडी वाट करतो. दोघांनाही एक सकाळ पुरेशी आहे. ऊन चढण्यापूर्वी चौबाऱ्यापाशी उभे राहावे, किल्ल्याकडे तोंड करावे आणि चालू लागावे. वाटेत पाणी आणि चहा मिळतो. मदरशाला अर्धा तास, किल्ल्याला किमान दोन तास द्यावेत.