पुतळी किती जुनी?

दिवाळीत दागिन्यांचा डबा उघडाल, तेव्हा आजेसासूबाईंची पुतळ्यांची माळ भिंगाखाली अवश्य धरा. यवतमाळच्या काय किंवा मुंबईच्या काय, सराफाच्या तराजूला वजन कळते, वय नव्हे!

पुतळी म्हणजे मूळचे व्हेनिसचे सोन्याचे नाणे. ते १२८४ पासून पडू लागले. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम. एका बाजूस संत मार्कपुढे गुडघे टेकलेला ‘डोज’, म्हणजे तेथील राज्यप्रमुख, दुसरीकडे ख्रिस्त. नाणे अस्सल असेल, तर डोजच्या नावावरून काळ ठरतो. लुदोव्हिको मानिन हा शेवटचा डोज, १७८९ ते १७९७. अक्षरांच्या नुसत्या रेघोट्या झाल्या असतील, तर ती बहुधा नक्कल. लक्ष्मी किंवा राम-सीता असतील, तर घडण देशी. मात्र माळ नाण्याहून नवी असू शकते.

मोडीत घालण्यापूर्वी एवढे पाहाच. सोने पुन्हा घेता येईल. वितळलेले नाव परत येणार नाही.