हवेवर कर लावला तर?

मुलांनो, आज मी तुम्हांला माझीच एक चूक सांगणार आहे.

गणिताचा तास चालू होता. मागच्या बाकावरचा एक मुलगा बराच वेळ मान खाली घालून बसला होता. जवळ जाऊन पाहतो तर काय, अंकगणिताच्या पुस्तकात दुसरंच पुस्तक! मुखपृष्ठ फाटलेली, अंतराळातल्या साहसाची कादंबरी. मी ती ओढून घेतली आणि सरळ कपाटात टाकली. "असलं वाचून मार्क मिळतात का रे?" पोरगा काही बोलला नाही. त्याचे डोळे मात्र भरून आले.

शाळा सुटल्यावर ती सहज चाळायला घेतली आणि संपेपर्यंत उठलोच नाही! परग्रहावरची एक खाण. तिथले मजूर. श्वासासाठी लागणारी हवासुद्धा मालक विकत देतो. मजुरी कमी आणि हवा महाग. शेवटी मजूर एक होतात आणि बंड करतात.

दुसऱ्या दिवशी मी त्याला पुस्तक परत दिलं, चुकलो म्हटलं आणि तेच वर्गात वाचायला लावलं. लगेच एकीनं विचारलं, "गुरुजी, हवेचे बी पैसे घेते का जी कोणी?"

प्रश्न मोठा आहे बरं का! मंगळावरच्या हवेचा दाब पृथ्वीच्या मानाने शंभरावा भागसुद्धा नाही. त्यातही सुमारे ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड. २०२१ ते २०२३ या काळात 'पर्सिव्हरन्स' गाडीवरच्या एका यंत्राने त्या हवेतून ऑक्सिजन काढून दाखवला. किती? सगळा मिळून १२२ ग्रॅम! माणसाला मात्र एका दिवसालाच आठशे ग्रॅमच्या आसपास लागतो. म्हणजे उद्या तिथे वस्ती झालीच, तर ज्याच्या हाती हे यंत्र, त्याच्या हाती सगळ्यांचा जीव.

आणि मग बंड कसं करायचं? यंत्र फोडलं तर आपणच गुदमरू!

वर्ग गप्प झाला. मी म्हटलं, "उत्तर आपल्या जिल्ह्यातच आहे." इंग्रजांनी मिठावर कर लावला होता. १९३० साली गांधीजी दांडीला चालत गेले आणि चिमूटभर मीठ उचललं. मोडतोड नाही, मारामारी नाही. फक्त अन्यायाचा कायदा मोडला आणि हसत तुरुंगात गेले. स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमती आश्रमात परतायचं नाही, हा त्यांचा निर्धार होता. म्हणून तर ते पुढे वर्ध्याला आले आणि १९३६ पासून सेवाग्रामला राहिले.

'रोबो' हा शब्दही असाच बंडातून आला आहे. कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातला तो शब्द वेठबिगारीच्या चेक शब्दावरून केलेला. त्या नाटकात राबणारे रोबोच शेवटी मालकांवर उलटतात.

आता थोडं पालकांशी. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. लेखक, नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे साक्षात डॉ. जयंत विष्णू नारळीकर! नावाची आद्याक्षरं त्यांनी उलटी केली होती. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हातून लिहवून घेतली होती. २०२५ मध्ये नारळीकर आपल्यातून गेले. पण एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला अशा गोष्टी लिहाव्याशा वाटल्या, मग आपल्या पोरांना त्या वाचाव्याशा वाटल्या तर काय बिघडलं? पुस्तक हिसकावण्याआधी दोन पानं आपणही वाचावीत.

त्या मुलाला मार्क किती पडले? गणितात अजून काठावरच आहे! पण परवा त्यानं स्वतः हिशेब मांडला: आमच्या वर्गातल्या ३२ मुलांना मंगळावर एका दिवसाला किती ऑक्सिजन लागेल? उत्तर पंचवीस किलोच्या वर आलं.

तुमच्या वर्गाचं किती येतं? करा पाहू!