विद्यार्थी विश्राम सेवा

विद्यार्थी विश्राम सेवा म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांचा सांभाळ काही तासांपुरता विद्यार्थी-स्वयंसेवकांकडे सोपवून पालकांना उसंत मिळवून देणारी व्यवस्था होय. 'रेस्पाइट केअर' या व्यापक संकल्पनेचा हा एक प्रकार आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला भरवणे, उचलणे, स्वच्छ ठेवणे ही कामे वयाबरोबर संपत नाहीत. उलट मुलाचे वजन वाढते आणि त्याला उचलणारी आईही थकत जाते. शेजारी वा नातेवाईक मदतीस तयार असले तरी असे मूल सांभाळण्याची त्यांना भीती वाटते, म्हणून ही सेवा आवश्यक ठरते.

== स्वरूप ==

सेवा मुलाच्या घरी किंवा एखाद्या केंद्रात दिली जाते. अमेरिकेतील डेट्रॉइट परिसरात १९९४ मध्ये सुरू झालेल्या 'फ्रेंडशिप सर्कल' या उपक्रमात किशोरवयीन स्वयंसेवक जोडीने मुलाच्या घरी जाऊन त्याच्याशी खेळतात. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे १९८८ मध्ये विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या 'कीन' या उपक्रमात प्रत्येक मुलामागे एक प्रशिक्षक या पद्धतीने खेळांची सत्रे घेतली जातात. मूल सत्रात असते तेवढा वेळ पालकांचा असतो. तो बहुधा बँकेची कामे, दुसऱ्या अपत्याचा अभ्यास किंवा निव्वळ झोप यांत जातो, आणि सेवेचा हेतूही तोच आहे.

== मर्यादा ==

विद्यार्थी हे परिचारक नव्हेत. अपस्माराचा झटका येणे, घास घशात अडकणे, नळीद्वारे अन्न देणे अशा बाबींसाठी प्रशिक्षित व्यक्ती लागते. त्यामुळे नवख्या स्वयंसेवकाला आधी पालकांसमवेत काही भेटी देऊन मुलाच्या खाणाखुणा, औषधे आणि त्याला असह्य होणारे आवाज वा स्पर्श समजून घ्यावे लागतात. मुलांच्या सुरक्षिततेसाठी स्वयंसेवकांची पूर्वपडताळणी करणे आणि त्यांना एकटे न ठेवणे हे नियम पाळले जातात.

याहून अवघड प्रश्न सातत्याचा आहे. परीक्षा आल्या की भेटी थांबतात आणि पदवी मिळताच विद्यार्थी गाव सोडतो. बदल सहन न होणाऱ्या स्वमग्न मुलाला ओळखीचा चेहरा अचानक नाहीसा होणे फार जड जाते. नवा स्वयंसेवक जुन्याच्या उपस्थितीतच रुजू करणे हा त्यावरील सर्वांत व्यवहार्य उपाय होय.

== कायदेशीर पार्श्वभूमी ==

अमेरिकेत २००६ मध्ये विश्राम सेवांसाठी स्वतंत्र कायदा झाला. इंग्लंडमध्ये २०११ पासून लागू असलेल्या नियमांनुसार स्थानिक प्रशासनाने केवळ कोलमडण्याच्या बेतात असलेल्या पालकांचाच नव्हे, तर विसावा मिळाल्यास अधिक चांगली काळजी घेऊ शकतील अशा पालकांचाही विचार करणे बंधनकारक आहे.

भारतात राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ अन्वये स्थापन झालेल्या न्यासाच्या 'समर्थ' योजनेत विश्राम निवासाची तरतूद आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अधिक आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. या तरतुदींत विद्यार्थी-स्वयंसेवकांना वेगळे स्थान नाही. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास सेवा देणे अपेक्षित असते. आठवड्याला दोन तास धरल्यास एका कुटुंबाला वर्षभर पुरून उरतील इतके हे तास आहेत.