उतरत्या पाण्यातील मासेमारी

थंड देशांतील सरोवरांवर वसंत ऋतू बर्फ वितळण्याने सुरू होतो आणि तेथील मासेमारीचे सारे आडाखे त्या वितळण्याशी बांधलेले असतात. यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रसजवळच्या अरुणावती जलाशयावर मात्र फाल्गुन-चैत्रात पाणी उतरते आणि ऊन चढते, आणि मासळी कोठे, किती व कशाने मिळेल हे बहुतांशी याच दोन गोष्टींवरून ठरते. पैनगंगेच्या खोऱ्यातील अरुणावती नदीवर मातीचे धरण बांधून तयार झालेला हा जलाशय मुळात सिंचनासाठी असल्यामुळे त्याची पातळी मच्छीमाराच्या सोयीने हलत नाही. ती आवर्तनांप्रमाणे, म्हणजे पिकांसाठी ठरावीक मुदतीने कालव्यात सोडल्या जाणाऱ्या पाण्याप्रमाणे, खाली जाते, आणि त्यात उन्हाळ्यातील बाष्पीभवनाची भर पडते.

मासा शीतरक्ताचा प्राणी असल्याने त्याच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याबरोबर बदलते. पौष-माघाच्या गारठ्यात कटला, रोहू, मृगळ हे कार्प कुळातील मासे कमी खातात आणि खोल पाण्यात सुस्तावून राहतात; होळीच्या सुमारास पाणी तापू लागले की त्यांची भूक वाढते व हालचालही वाढते. कटला वरच्या थरातील सूक्ष्म प्राणिजीवांवर, म्हणजे प्राणिप्लवकांवर, जगतो, रोहू मधल्या थरात वनस्पतिजन्य अन्न शोधतो आणि मृगळ तळाचा कुजलेला पालापाचोळा व चिखल चाळतो, त्यामुळे एकाच जागी टाकलेले जाळे किती खोल सोडले यावर त्यात कोण सापडणार हे बरेचसे अवलंबून असते. मात्र ऊन वाढत जाते तशी अडचणही वाढते, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यात साडेसात मिलिग्रॅमच मावतो, आणि नेमक्या त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. दिवसा शेवाळ व पाणवनस्पती प्रकाशाच्या साहाय्याने प्राणवायू सोडतात, रात्री त्याच तो वापरून टाकतात, म्हणून पहाटेचे पाणी सर्वांत दमकोंडीचे असते. दख्खनच्या पठारावरील जलाशयांत उन्हाळी वारा पाणी ढवळत राहतो व त्यामुळे थंड प्रदेशातील खोल सरोवरांसारखे पाण्याचे पक्के थर सहसा टिकत नाहीत, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू म्हणावी लागेल.

कार्प कुळातीलच, पण परदेशातून आलेला सायप्रिनस हा मासा या ऋतूत वेगळा वागतो. कटला, रोहू व मृगळ यांना अंडी घालण्यासाठी पुराचे वाहते पाणी लागते. सायप्रिनसला त्याची गरज नसते. तो साचलेल्या पाण्यातही विणीला येतो, आणि भारतात त्याच्या विणीचा एक भर जानेवारी ते मार्च या महिन्यांत असतो. मादी काठालगतच्या उथळ पाण्यात येऊन पाणवनस्पतींवर चिकट अंडी सोडते, व ती पिले बाहेर पडेपर्यंत पानांना चिकटून राहतात. त्या दोन-चार दिवसांत आवर्तन सुटून पातळी झपाट्याने खाली गेली तर पानांसकट अंडी उघडी पडून वाळतात. १९५२ मध्ये भारतात आणलेला तिलापिया, ज्याला महाराष्ट्रात चिलापी म्हणतात, या संकटातून सहज सुटतो, कारण त्याची मादी अंडी तोंडात घेऊन फिरते व पाणी हटेल तशी स्वतःही हटते. नराने शेपटीने व तोंडाने उकरलेले बशीच्या आकाराचे खळगे पाणी ओसरल्यावर काठच्या चिखलात जागोजागी दिसतात आणि कडक उन्हात त्यांच्या कडांना भेगा जातात. उतरत्या पाण्याच्या जलाशयात चिलापी का फोफावतो याचे बरेचसे उत्तर तेथेच मिळते.

पावसाळ्यात काळ्या मातीने गढूळ झालेले पाणी वसंतापर्यंत निवळते. अशा नितळ पाण्यात फासजाळे, म्हणजे पाण्यात भिंतीसारखे उभे राहून माशाला कल्ल्यापाशी अडकवणारे जाळे, माशाला दिवसा दिसते; म्हणून ते सूर्यास्ताच्या सुमारास लावून पहाटे काढतात, आणि चांदण्या रात्रींपेक्षा अंधाऱ्या पाखातील रात्री अधिक फळतात. जाळे काढण्यास उशीर करणे या दिवसांत परवडत नाही, कारण अडकून मेलेला मासा कोमट पाण्यातच नरमतो, त्याचे कल्ले लालभडक न राहता तपकिरी पडतात, डोळा आत जातो आणि गिऱ्हाईक तो हातातही घेत नाही. काठाजवळ मात्र फेकजाळे व गरी सकाळ-संध्याकाळ चालते. गांडूळ किंवा कणकेची गोळी हे नेहमीचे आमिष पुरते.

पाणी आक्रसल्यावर मासे थोड्या जागेत गोळा होतात व तेवढ्याच श्रमात जाळी भरू लागतात, आणि नेमका येथेच हिशेब चुकण्याचा संभव असतो. जाळ्यात जास्त मासे येऊ लागले म्हणजे जलाशयात मासे वाढले असे नव्हे. तीच संख्या आता कमी पाण्यात उभी असते. शिवाय बंदिस्त जलाशयात कटला-रोहूची वीण भरवशाची नसल्यामुळे तेथील साठा मुख्यतः दरवर्षी सोडलेल्या बोटुकलीवर, म्हणजे बोटाएवढ्या पिलांवर, उभा असतो. अशी पिले आज मागेल तेवढी मिळू शकतात याचे श्रेय मोठ्या प्रमाणात हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञाला जाते. त्यांनी ओडिशातील अंगुल येथे १० जुलै १९५७ रोजी माशांच्याच पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांना कृत्रिमरीत्या विणीस प्रवृत्त केले, आणि तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. श्रावण-भाद्रपदात सोडलेली बोटुकली चैत्रात जेमतेम सात-आठ महिन्यांची असते. जाळ्याची आस, म्हणजे एकेका भोकाचे माप, बारीक ठेवली तर हेच अर्धवट वाढलेले मासे सर्वांत आधी उचलले जातात, आणि मासेमारीचा ठेका घेणाऱ्या सहकारी संस्थेला त्यांच्या वजनाचा पुरेसा मोबदलाही मिळत नाही.

वैशाखात मोठ्या माद्यांची पोटे गाभोळीने फुगू लागतात. मृगाच्या सरींनंतर ओढ्यांना पहिले पाणी आले की या माद्या जलाशयाच्या वरच्या टोकाकडे, जेथे नदी येऊन मिळते त्या बाजूला, प्रवाहाविरुद्ध चढतात. तेथे आडवे लावलेले जाळे एका रात्रीत जे काढते त्यात पुढच्या वर्षीची थोडीफार नैसर्गिक वीणही गेलेली असते, म्हणून जलाशयांवर मासेमारी थांबवण्याचे दिवस साधारणपणे याच काळात येतात.